एस्बेनला दालचिनी चालेल का

माझ्या भावाला पंचविसावं पूर्ण होणार होतं आणि त्याचं लग्न झालेलं नव्हतं. आमच्या गावात याचा अर्थ एकच. वाढदिवसाच्या सकाळी मित्र येतात, तुम्हाला उचलून चौकात नेतात, दिव्याच्या खांबाला बांधतात, बादलीभर पाणी ओततात आणि मग डोक्यापासून बुटांपर्यंत दालचिनीची पूड फेकतात. पाणी आधी, म्हणजे पूड नीट चिकटते. नंतर आठवडाभर तुमच्या कानांना बेकरीसारखा वास येतो. ही म्हणे लग्न न केल्याची शिक्षा, पण शिक्षेची एवढ्या आनंदाने वाट बघणारी माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत.

हँडबॉलच्या संघात माझा भाऊ एस्बेन शेवटचा उरला होता. बाकी सगळ्यांना दालचिनी लागली तेव्हा हा पाण्याची बादली घेऊन लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला उभा असायचा, कारण त्याला दमा आहे. मलाही आहे. आमच्या घराण्यात मोठे कान आणि दमा पिढ्यान्‌पिढ्या येतात. आईला दोन्ही चुकले, म्हणून तिच्या वाट्याला आमची काळजी आली असावी.

मी नववीत आहे. माझा दमा माझ्या मुठीत आहे. तपकिरी पंप सकाळ-संध्याकाळ दात घासायच्या आधी, निळा पंप श्वास अडला तर. या वर्षी जीवशास्त्राच्या तासाला मी दोन्ही पंप हातात घेऊन अख्ख्या वर्गासमोर बोलले, आणि फुप्फुसाच्या नळ्या म्हणून बाईंच्या बागेचा पाइप वापरला. तेव्हापासून आठवीतली मुलंसुद्धा जिन्यात गाठून मला शंका विचारतात. माझं डोकं वर चढलंय असं आई म्हणते. ती बरोबर म्हणते, आणि वरून दिसतंही छान.

एस्बेनच्या दम्याची व्यवस्था मात्र एका खिशात मावायची. निळा पंप. घरातून निघताना लोक किल्ली चाचपतात तसा तो खिसा चाचपायचा, आणि तेवढं झालं की आपण दम्याची फार काळजी घेतो असं त्याला वाटायचं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला येप्पेने मला बंदरावरच्या आइस्क्रीमच्या टपरीपाशी गाठलं. येप्पे म्हणजे संघाचा गोलरक्षक, एस्बेनचा बालवाडीपासूनचा मित्र. दारातून आत येताना वाकतो एवढा उंच.

"विगा, तू यातली जाणकार. एस्बेनला दालचिनी चालेल का?"

"नाही."

"थोडीशी?"

"थोडंसं बुडलेलं चालतं का?"

"तुझी आईपण फोनवर हेच म्हणाली. फक्त आवाज मोठा होता." त्याने माझ्याच कोनातलं आइस्क्रीम चाटलं. "म्हणून आम्ही बोलिंगचं ठरवतोय. बोलिंग आणि केक."

"येप्पे, तो पंचवीस वर्षांचा होतोय. नऊ नाही."

"मग तू सांग काय करू. एकदा मेला की त्याला परत संघात घेता येणार नाही."

बोलिंगची बातमी एस्बेनला रविवारी आमच्याच जेवणाच्या टेबलावर कळली. त्याची मैत्रीण सिसेल बोलता बोलता बोलून गेली. ती गावच्या वाचनालयात काम करते, तिथे दिवसभर गप्प बसावं लागतं म्हणून घरी तिचं काही पोटात राहत नाही. एस्बेनने काटा खाली ठेवला.

"बोलिंग," तो म्हणाला. "छान."

एवढंच. एस्बेन चिडला की बडबडतो, ते बरं असतं. गप्प झाला की समजावं, आत कुठेतरी लागलंय. आईने त्याच्या ताटात आणखी बटाटे वाढले. तिला वाटतं बटाट्याने सगळं भरून येतं.

"आता तोंड पाडून बसू नकोस," आई म्हणाली. "मला तुला जिवंत बघायचंय, एवढाच माझा गुन्हा. आणि एवढी हौस असेल तर दुसरी वाट आहे. लग्न करा. लग्न झालेल्याला कोणी हात लावत नाही. नगरपालिकेत जायचं, सही करायची, कॉफीच्या वेळेला घरी."

एस्बेनने मान वळवून सिसेलकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत खरोखरची आशा होती, ती बघून मला हसू आलं आणि तोंडातला घास गिळता येईना.

"माझ्याकडे बघू नकोस," सिसेल म्हणाली. "मी काय तुझा निळा पंप आहे? अडलं की खिशातून काढायचा?"

"मी आपलं सुचवलं," आई म्हणाली.

जेवण झाल्यावर एस्बेन धक्क्यावर जाऊन बसला. मी मागोमाग गेले. तो पाण्यात खडे टाकत होता.

"शाळेच्या सहलीत सगळे शेकोटीपाशी, मी बसमध्ये," तो म्हणाला. "खेळाच्या तासाला सगळे पळायचे, माझ्याकडे शिट्टी. आता सगळ्यांना दालचिनी आणि मला केक. म्हातारा झालो तरी लोक म्हणतील, एस्बेन ना, त्याला सूट दिली होती. मला सूट नकोय, विगा."

मला वाटलं होतं त्याला गंमत हवी आहे. त्याला त्या खांबापाशी उभं राहायचं होतं, बाकीच्यांसारखं, बस. त्याचा वाढदिवस सप्टेंबरात, त्याला अजून पुष्कळ अवकाश होता.

"या आठवड्यात निळा किती वेळा घेतलास?" मी विचारलं.

"लागला तेव्हा."

"कधी लागला?"

"जिना चढताना. लाकूड कापताना. सकाळी उठल्यावर."

"आणि हसताना," मागून सिसेल म्हणाली. ती कॉफीचा थर्मास घेऊन आली होती. "विनोद कळायच्या आत खोकला येतो त्याला."

"तपकिरी कुठाय?"

तपकिरी पंप त्याच्या घरी न्हाणीघरातल्या कपाटात, दाढीच्या फेसामागे सापडला. त्याची मुदत केव्हाच संपली होती आणि झाकण फिरत नव्हतं.

"घेऊन बघितला होता मी," एस्बेन म्हणाला. "काही होत नाही त्याने. निळा ओढला की लगेच कळतं. हा ओढला की काहीच होत नाही."

"काहीच होत नाही, हेच तर त्याचं काम आहे."

त्याने माझ्याकडे मी वेडी असल्यासारखं बघितलं. मग मी त्याला त्याच्या भाषेत समजावलं. एस्बेन सुतार आहे, छपरं बसवतो. म्हटलं, समज, एका घराचं छप्पर गळतंय. मालक रोज बादली ठेवतो. बादली भरली की ओततो, परत ठेवतो, आणि सगळ्यांना सांगतो की आमच्याकडे फार चांगली बादली आहे. वर चढून छप्पर दुरुस्त करत नाही. अशा माणसाला तू काय म्हणशील?

"मी काय म्हणेन ते तुझ्यासमोर म्हणता येणार नाही," एस्बेन म्हणाला.

"निळा ही बादली आहे. नळ्या आवळल्या की तेवढ्यापुरत्या सैल करतो. आतली सूज तशीच राहते. ती उतरवायचं काम तपकिरी करतो, रोज, हळूहळू, कोणी टाळ्या न वाजवता."

त्याने पंप उलटा करून झाकण परत फिरवून बघितलं. धंद्यावर बोट ठेवलं की त्याला लागतं.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला दवाखान्यात बिर्गितकडे नेलं. बिर्गित ही दम्याची नर्स. मी दप्तर पाठीवरून घसरेल एवढी होते तेव्हापासून ती मला ओळखते. तिने एस्बेनला श्वासाचा जोर मोजायच्या नळीत फुंकायला लावलं आणि आलेल्या आकड्याकडे, सुताराने आखूड कापलेल्या फळीकडे बघावं तसं बघितलं. मग नवा तपकिरी पंप हातात दिला आणि म्हणाली, घेऊन दाखव.

एस्बेनने पंपाचं बूड फिरवलं, टक् आवाज झाला, पंप ओठांशी नेला आणि त्यात फुंकर मारली. गरम सुपावर मारतात तशी.

बिर्गितने पंपाकडे बघितलं, मग एस्बेनकडे. मी हसू दाबून धरलं, आणि ते मला सोपं गेलं नाही.

"म्हणजे इतकी वर्षं तू औषध खोलीला दिलंस," शेवटी ती म्हणाली. "खोलीची तब्येत उत्तम असेल. आता असं कर. श्वास आधी बाहेर सोड, पंपापासून तोंड बाजूला करून. मग ओठ घट्ट मिटून जोरात ओढ, खोल. धरून ठेव जरा. आणि नंतर चूळ भर, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतील."

त्याने केलं. "काहीच झालं नाही," तो म्हणाला, आणि चोरून माझ्याकडे बघितलं.

मग मी दालचिनीचं विचारलं. बिर्गितने चष्मा काढला.

"कोरडी पूड नाही. औषध कितीही नीट घे, तरी नाही. ती कोणाच्याच छातीत जाऊ नये, दमा असो नसो. माझ्या वेळेला हे कोणी सांगितलं नाही. मी कितीतरी दिवस तपकिरी खोकत होते."

एस्बेनचा चेहरा पडायला लागला होता.

"आणि ओली?" मी म्हटलं.

"ओली म्हणजे कशी?"

"उडणार नाही अशी. लगदा."

बिर्गितने विचार केला. "उडणार नसेल तर मग तो प्रश्न फुप्फुसांचा नाही, कपडे धुण्याचा आहे. पण वाळायच्या आत धुवून टाकायची. डोळ्यांवर पोहायचा चष्मा. निळा हाताशी. आणि तोवर तपकिरी एकदाही चुकवायचा नाही. आकडा वर आला तर मी हो म्हणेन, नाही आला तर बोलिंग."

एस्बेनने उन्हाळाभर तपकिरी घेतला. पहिले काही दिवस तो रोज मला फोन करून सांगायचा की काही झालेलं नाही. मग फोन बंद झाले. मग एकदा सिसेल म्हणाली की काल त्याला विनोद शेवटपर्यंत हसता आला, आणि विनोद तसा बरा नव्हताच. मग एका दुपारी तो खांद्यावर तुळई घेऊन तिसऱ्या मजल्यावर पोचला आणि वर गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की हात खिशाकडे गेलाच नाही. हे सांगताना तो जरा ओशाळला. ऑगस्टअखेर त्याने परत नळीत फुंकलं, आणि बिर्गितने आकडा बघून फक्त "हं" केलं. तिच्या तोंडून "हं" निघणं म्हणजे मिरवणूक.

इकडे मी लगद्याच्या मागे होते. पाण्यात दालचिनी मिसळतच नाही, भुशासारखी वर तरंगते. साखरेचा पाक केला तर एवढ्या गांधीलमाश्या आल्या की येप्पे, दारातून वाकून जाणारा येप्पे, टेबलाखाली गेला. ताकात कालवली, ती अंगावरून ओघळून गेली. शेवटी येप्पेला सुचली तांदळाची खीर. ख्रिसमसला आम्ही वर दालचिनी-साखर आणि लोण्याचा गोळा टाकून खातो, ती घट्ट खीर.

"खीर चिकटते," तो म्हणाला. "आमच्याकडे भांडं मी घासतो."

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, हँडबॉलच्या हॉलमधल्या स्वयंपाकघरात मोठमोठ्या पातेल्यांत खीर शिजली. गरम असतानाच दालचिनी ढवळली, येप्पेने, मागच्या अंगणात, तोंडाला रुमाल बांधून. मी पन्नास पावलांवरून हुकूम सोडत होते. रात्रभरात ती गार झाली आणि तिच्यात पळी उभी राहायला लागली.

शनिवारी सकाळी मी आईला सगळं सांगितलं. बिर्गितचं, आकड्याचं, खिरीचं. ती गूजबेरीची झुडपं छाटत होती.

"मी बघायला येणार नाही," ती म्हणाली, आणि एक चांगली फांदी उगाच कापली.

संघ एस्बेनला घ्यायला गेला तेव्हा त्याने प्रतिकार केला, पण वाईट केला. अंगात रंगकामाचा जुना डगला आधीच होता आणि पोहायचा चष्मा गळ्यात. चौकात चष्मा डोळ्यांवर चढवून त्याला बांधलं. येप्पेने गाठी मारल्या, बोटीच्या. मग पाण्याची गरज नाही म्हणून सरळ खीर. पहिली पळी छातीवर बसली आणि तिथेच राहिली. दुसरी कानावर. लहान पोरं हातांनी घेऊन लिंपत होती, बेकरीवाली दारात उभी राहून हसत होती, आणि एस्बेन, चष्म्याच्या काचा खिरीने बुजलेला, एवढा खूश होता की मला दुसरीकडे बघावं लागलं.

तेवढ्यात लाउरिट्स आला. लाउरिट्स आमचा आतेभाऊ, आल्बोर्ग शहरात असतो, सगळीकडे उशिरा येतो आणि सगळ्यांत मोठी भेट आणतो. त्याच्या काखेत दालचिनीची उशीएवढी पिशवी होती.

"खीर? ही काय बालवाडी आहे का?" तो म्हणाला, आणि त्याने पिशवीचा कोपरा दातात धरला.

त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी जवळ होते, सांगण्यात वेळ गेला असता, म्हणून मी धावले आणि फाटलेला कोपरा दोन्ही मुठींत आवळला. जवळजवळ सगळा. एक भपकारा निसटला. वारा फ्योर्डच्या खाडीवरून येत होता, एस्बेनकडून माझ्याकडे. म्हणजे त्याच्या वाटचं सगळं मला मिळालं.

खोकला आला, आणि मग खोकल्यामागे ते दुसरं आलं, छातीभोवती कोणी पट्टा घालून भोक-भोक आवळत नेतं तसं. मी वाऱ्याच्या बाजूला सरकून बेकरीच्या पायरीवर बसले. सिसेल माझी पिशवी घेऊन पळत आली, निळा पंप आणि त्याला लावायचं नळकांडं.

"येप्पे, सोड मला," खांबावरून एस्बेन म्हणाला. येप्पे गाठींना भिडला, पण गाठी बोटीच्या आणि वर खीर. त्याची बोटं नुसती सरकत होती. "राहू दे. सिसेल, आधी हलव. हलवलास? नळकांडं लाव. विगा, सरळ बस, वाकू नकोस. एक दाब. सावकाश ओढ. परत ओढ. घाई कोणालाही नाहीये."

मला सगळं माहीत आहे, असं मी म्हणणार होते. तेवढं बोलायला श्वास पुरला नाही.

"बोलू नकोस," तो म्हणाला. "आता थांब जरा. दुसरा दाब. तसाच. नाही उतरलं तर परत घेऊ, आणि येप्पे, फोन हातात ठेव, लागला तर अँब्युलन्सला करायचा."

आयुष्यात पहिल्यांदा मी भावाचं निमूट ऐकलं. तो आंधळ्या काचांतून माझ्या दिशेने बघत होता आणि माझ्याबरोबर स्वतःही सावकाश श्वास घेत होता, त्याने खिरीचा थर वरखाली होत होता. पट्टा एकेक भोक सुटत गेला. खांदे खाली आले. मी अंगठा वर केला, आणि त्याला दिसलं नसणार म्हणून सिसेलने ओरडून सांगितलं.

लाउरिट्स पांढराफटक उभा होता. "मला खरंच माहीत नव्हतं," तो म्हणत राहिला. बेकरीवालीने त्याच्या हातून पिशवी काढून घेतली, तोंड दुमडलं, आभार मानले आणि आत नेऊन ठेवली.

मग चौकात सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

"बस झालं," येप्पे म्हणाला. "सोडू या त्याला. सुरी आणा कोणीतरी."

एक पातेलं अजून भरलेलं होतं. एस्बेन काही म्हणाला नाही. खिरीखाली चेहरा दिसत नव्हता, पण ते गप्प होणं मी ओळखलं. अर्ध्यात सोडवलेला माणूस. यापुढे गाव तेवढंच सांगणार. मला सांगायचं होतं की थांबा, माझ्यासाठी थांबवू नका, पण माझ्याकडे अजून पुरती वाक्यं नव्हती.

वाचनालयाच्या कोपऱ्यामागून आई आली, सायकल ढकलत. बागेचे हातमोजे हातातच होते. ती तिथे किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने सायकल भिंतीला लावली आणि आधी माझ्याकडे आली.

"घेतलास?"

मी मान हलवली.

"उतरतंय?"

"उतरलं," मी म्हटलं. एक शब्द, पण अख्खा.

तिने माझ्या पाठीवर हात ठेवून दोन-तीन श्वास मोजले, तिला वाटतं मला कळत नाही. मग ती खांबाकडे वळली. लोक बाजूला झाले.

"आणि तू?" तिने एस्बेनला विचारलं. "छाती कशी आहे?"

"मोकळी."

"सकाळी तपकिरी घेतलास?"

"हो, आई."

"चूळ भरलीस?"

"आई, मी खांबाला बांधलेला आहे. सगळं गाव ऐकतंय."

"गावालाही कळू दे, चूळ भरायची असते." तिने हातमोजे काढून येप्पेच्या हातात दिले, बाह्या वर केल्या आणि उरलेलं पातेलं उचललं. ते जड होतं, लाउरिट्स मदतीला पुढे झाला तर तिने त्याला नजरेनेच मागे केलं. मग तिने ते माझ्या भावाच्या डोक्यावर हळूहळू उपडं केलं, कडेकडेने, एकही जागा न सोडता, जसं ती लहानपणी आम्हाला न्हाऊ घालायची.

"गार आहे," आतून एस्बेन म्हणाला. तो हसत होता, आणि हसणं शेवटपर्यंत जात होतं.

"पंचवीस वर्षांचा घोडा झालास," आई म्हणाली, आणि पळी मागून घेऊन पातेल्याच्या तळाला चिकटलेलं खरवडायला लागली.